देणारा कोण?

सलोनीचा हात मोडला त्या दिवशी शेखर येळवंडेला पहिल्यांदा स्वच्छ कळलं, की कागदावर आपण या पोरीचे कुणीच नाही.

शाळेच्या जिन्यावरून ती घसरली होती. फोन आला तेव्हा शेखर चाकणच्या कंपनीत एका प्रेसचं पॅनल उघडून बसला होता. मेंटेनन्सचं काम असं अर्ध्यावर टाकून निघता येत नाही, पण त्यानं पान्हा शेजारच्याच्या हातात दिला आणि मोटारसायकल काढली. चिंचवडच्या दवाखान्यात पोहोचला तर सलोनी बाकावर बसलेली, डावा हात गळ्यात बांधलेला, चेहरा पांढराफटक. कोपराच्या वर हाड सरकलं होतं. भूल देऊन प्लेट टाकावी लागणार होती.

काउंटरवरच्या बाईंनी संमतीचा फॉर्म पुढे सरकवला. "पेशंटचे वडील ना? इथे सही करा."

शेखरनं पेन उचललं. बाईंनी तेवढ्यात आधार कार्डावर नजर टाकली. "सलोनी जयसिंग माने. तुम्ही जयसिंग?"

"नाही. मी तिच्या आईचा नवरा."

"मग आईला बोलवा."

"ती नाही आता. दिवाळीच्या आधी गेली."

बाईंचा आवाज मऊ झाला, पण फॉर्म त्यांनी आपल्याकडे ओढून घेतला. रक्ताच्या नात्यातलं कुणी आहे का, असं विचारलं. शेवटी दापोडीहून सलोनीची आजी, आईची आई अंबुबाई रिक्षा करून आली आणि तिनं अंगठा उठवला. सात वर्षं या पोरीला शाळेत सोडणारा, तिच्या वेण्या घालायला शिकलेला माणूस बाजूला हात बांधून उभा राहिला.

सलोनीची आई सुखदा दापोडीची. तिचं पहिलं लग्न उदगीरकडच्या जयसिंग मानेशी झालं होतं. तो ट्रक चालवायचा. सलोनी दोन वर्षांची असताना तो निघून गेला, तो परत आलाच नाही. नंतर घटस्फोटाच्या कागदांवर तेवढी त्याची सही आली. सुखदा भोसरीत वायरिंगच्या कारखान्यात लागली, तिथेच एका बिघडलेल्या कन्व्हेयरपायी तिची आणि शेखरची ओळख झाली. निघोज्याच्या येळवंड्यांच्या पोरानं लेकुरवाळ्या बाईशी लग्न करावं हे शेखरच्या वडिलांना, सोपानरावांना, पटलं नाही. शेखरनं तरीही केलं आणि दापोडीत छोटा फ्लॅट घेतला. कंपनीतली पोरं त्याला अण्णा म्हणायची, म्हणून सलोनीही अण्णाच म्हणू लागली. आणि मग एका सोमवारी सुखदाच्या मेंदूत रक्तस्राव झाला. बुधवारी ती गेली.

प्लेट बसली, हात सांधत आला. शेखर मात्र गप्प बसला नाही. पंधरा दिवसांत तो पिंपळे सौदागरला, एका सोसायटीखालच्या गाळ्यात ऑफिस असलेल्या अरुंधती भावे या वकीलबाईंसमोर बसला होता.

"दोन वाटा आहेत," अरुंधतीबाई म्हणाल्या. "एक, न्यायालयाकडून पालकत्व. मुलगी जयसिंगचीच राहते, नाव तेच राहतं, पण तिचं बरंवाईट ठरवायचा अधिकार तुम्हाला मिळतो. ती अठराची झाली की तो संपतो. आणि बाप हयात असताना त्याला बाजूला का ठेवायचं, हे न्यायालयाला पटवून द्यावं लागेल. दुसरी वाट दत्तकाची. ती पंधराच्या आतली आहे, तुमच्या वयात एकवीस वर्षांहून जास्त अंतर आहे. बापानं राजीखुशीनं दिली आणि तुम्ही घेतली, की दत्तकपत्र नोंदवायचं. मग ती तुमची मुलगी. नावासकट, कायमची."

"मग दत्तकच," शेखर म्हणाला.

"जरा थांबा. दत्तक गेली की जन्माच्या घराशी तिचं कायद्यातलं नातं तुटतं. आणि एकदा झालेलं दत्तक मागे घेता येत नाही."

शेखरनं मान हलवली खरी, पण त्याच्या कानात 'कायमची' एवढाच शब्द राहिला होता. शाळेच्या बक्षीस समारंभात 'सलोनी जयसिंग माने' असा पुकारा झाला की दरवर्षी त्याला ते टोचायचं. सुखदाला त्यानं ते कधी सांगितलं नव्हतं.

रविवारी तो निघोज्याला गेला. सोपानराव ओट्यावर बसले होते. कंपन्यांनी गाव चारी बाजूंनी वेढलं तरी राहिलेल्या दोन एकरांवर त्यांचा जीव होता.

"सांभाळ की पोरीला," ते म्हणाले. "आमी कुटं न्हाई म्हणतोय? कोर्टातनं ते पालक का काय त्ये कर. पर दत्तक न्हाई. दत्तक म्हंजी वारस. उद्या येळवंड्यांच्या सातबाऱ्याला मान्यांची पोर लागंल."

"मला जमीन नकोच आहे, दादा. आत्ता लिहून देतो."

"तुला नगं आसंल. कायदा तुला इचारून चालतोय व्हय?" सोपानराव थोडे थांबले आणि खाली बघत म्हणाले, "आनी घरात बाईमाणूस न्हाई. पोर मोटी व्हायला लागली. लोकं काय बोलत्याल, ठावं हाय का तुला?"

शेखर उठला. चहा तसाच राहिला. रस्ताभर तो एकच विचार करत होता, की शेवटचं वाक्य कितीही झोंबलं तरी ते उद्या दुसरं कुणीतरी बोलणारच आहे. त्याला रागावून उत्तर देता येणार नाही, वागूनच द्यावं लागेल. त्या आठवड्यात त्यानं शिफ्ट इन्चार्जची चालून आलेली बढती नाकारली आणि कायम दिवसपाळीची जनरल शिफ्ट मागून घेतली. अंबुबाई दोन गल्ल्या सोडून एकटीच राहायची. तिच्या दारात जाऊन तो म्हणाला, "आई, बाडबिस्तरा घेऊन या आमच्याकडे. सलोनीच्या खोलीत राहा." म्हातारीनं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आली, पितळी डबे आणि देव घेऊन.

जयसिंगचा नंबर जुन्या कागदांत सापडला. तो अजून ट्रकवरच होता आणि चाकणला माल घेऊन यायचा. तळेगाव चौकातल्या एका टपरीवर दोघं भेटले. जयसिंग दिसायला थकलेला होता. उदगीरला दुसरी बायको, दोन मुलं.

"कुठं सही करायची तेवढं सांगा," तो म्हणाला. "मी देतो पोरगी, तुम्ही घ्या. एकदा दिली म्हणजे दिली. पुन्हा माझ्या दारात कुणी यायचं नाही."

"तिला भेटायचंय का?"

"कशाला? उगं तिला बी तरास." त्यानं कप खाली ठेवला. "हुशार हाय का?"

"आहे."

"आईवर गेली असंल," असं म्हणून तो ट्रककडे निघाला.

इतकं सोपं असेल असं शेखरला वाटलं नव्हतं. त्या दिवशी तो घरी पेढे घेऊन गेला.

सलोनी बोटांत ताकद यावी म्हणून रबरी चेंडू दाबत बसली होती. अंबुबाई मेथी निवडत होती. शेखरनं सगळं सांगितलं. दत्तकपत्र, नवं नाव, कायमचं घर. सलोनीचा हात चेंडूवर थांबला.

"म्हणजे ते मला देणार?"

"कागदावर. हो."

"पण मी त्यांच्याकडे आहेच कुठे?" ती म्हणाली. "स्वतःकडे नसलेली गोष्ट देता येते का, अण्णा?"

शेखरला हसू आलं, आणि तिचा चेहरा पाहून ते विरलं. ती थट्टा करत नव्हती.

"ते मला सोडून गेले. बरं, गेले. आता वर म्हणायचं, मी दिली? म्हणजे ते चांगलेच की. आणि आजी?"

"आजीचं काय?"

"दत्तक घेतल्यावर आजी माझी आजी राहते का?"

त्यानं खोटं बोलायचं मनात आणलं होतं, पण जमलं नाही. "घरात राहतेच. कायद्यात... नाही राहत म्हणतात."

"कागदानं काय होतंय गं," अंबुबाई मेथीवरून नजर न काढता म्हणाली.

"मग कागद करायचाच कशाला?" सलोनी म्हणाली.

शेखरला राहवलं नाही. "तुला माझं नाव नको का गं?"

तिनं चेंडू बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही हवे आहात. नावाचं मला माहीत नाही. आई होती तेव्हाही हेच नाव होतं ना माझं? तेव्हा चालत होतं."

पेढ्यांचा पुडा तसाच ओट्यावर ठेवून शेखर बाहेर पडला. रेल्वेलाईनच्या कडेकडेनं तो बोपोडीपर्यंत चालत गेला. लागलं होतं, चांगलंच लागलं होतं. सात वर्षांत आपण एवढंसंच कमावलं का, असंही एकदा मनात आलं. पण जसजसा चालत गेला तसतशी टपरीवरची गोष्ट त्याला वेगळी दिसू लागली. दोन पुरुष चहा पितात, एक म्हणतो मी देतो, दुसरा म्हणतो मी घेतो, आणि जिची देवघेव चाललीय तिला दोघांनीही विचारलेलं नाही. जयसिंगचं एक समजू शकतो. आपण का नाही विचारलं? दत्तकाची एवढी घाई तिला होती, की बक्षीस समारंभात मागच्या रांगेत बसणाऱ्या आपल्याला?

तो परतला तेव्हा अंधारून आलं होतं. पुडा उघडलेला होता आणि त्यातले दोन पेढे संपले होते. "पालकत्वाचा अर्ज करू," तो म्हणाला. सलोनीनं मान डोलावली आणि पुन्हा चेंडू हातात घेतला.

अरुंधतीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाप दत्तक द्यायला तयार आहे आणि तुम्ही अवघड वाट धरताय. अर्जात लिहावं लागेल की त्यानं मुलीला वाऱ्यावर सोडलं. त्याला नोटीस जाईल. तो बिथरला तर?"

"तिला हेच हवंय."

"ती अकरा वर्षांची आहे, येळवंडे."

"नाव तिचं, आजी तिची, बाप तिचा, मॅडम. मग विचारायचं कुणाला?"

अरुंधतीबाईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि वही उघडली. "एक लक्षात ठेवा. पालकत्व मिळालं तरी ती तुमची वारस होत नाही."

"ते मी मृत्युपत्रानं बघतो. फ्लॅट माझ्या कमाईचा आहे."

निघोज्याला बातमी पोहोचली तेव्हा सोपानरावांचा फोन आला. "ऐकलंस त्ये बरं केलंस."

"तुमचं नाही ऐकलं, दादा," शेखर म्हणाला. "पोरीचं ऐकलं. आणि फ्लॅट तिच्या नावानं लिहून ठेवलाय. मागून कळण्यापेक्षा आत्ताच सांगतो." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

अरुंधतीबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. नोटीस उदगीरला गेली आणि नेमकी जयसिंगच्या मेहुण्यांच्या हातात पडली. जयसिंगनं चिडून फोन केला. "पोरीला टाकलं म्हणून लिहिलंत व्हय? माझी इज्जत काढली?"

"टाकलं नव्हतं का?"

"आता बघाच. पोरगी माझी हाय, मी नेतो."

आणि खरंच त्यानं वकील लावून हरकत घेतली. मुलीचा ताबा बापाकडे द्यावा असं लिहून दिलं. दोन तारखा झाल्यावर त्याच्या वकिलाचा निरोप आला, की हा अर्ज मागे घ्या, जयसिंगराव उद्याच्या उद्या दत्तकपत्रावर सही करतील. कुणावर ठपका नको, कुणाची बदनामी नको.

शेखरनं सलोनीला समोर बसवून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. निकाल उलटा लागला तर उदगीरला जावं लागेल, हेही सांगितलं. तिचा चेहरा उतरला. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती बसून राहिली.

"तुम्ही माघार घेणार?"

"तू म्हणालीस तर घेईन."

"जज माझ्याशी बोलतील ना?"

"बोलतील असं मॅडम म्हणतात."

"मग मी सांगेन त्यांना," ती म्हणाली.

"मग नाही घेत माघार," शेखर म्हणाला.

पुढचे महिने त्यानं कागद गोळा करण्यात घालवले. शाळेचे दाखले, लसीकरणाचं पिवळं पडलेलं कार्ड, जनरल शिफ्टचं कंपनीचं पत्र. न्यायालयाच्या समुपदेशक नेहा कुलकर्णी घर बघायला आल्या. तरुण बाई, पण प्रश्न आडवळणानं विचारायच्या नाहीत.

"मुलगी कुठे झोपते?"

"आजीबरोबर, आतल्या खोलीत."

"दार बंद होतं?"

शेखर उठला आणि त्यानं दार दाखवलं. आतल्या बाजूनं नवी कडी होती. "सुखदा गेल्यावर मीच बसवली. बाहेरून उघडत नाही." नजर त्यानं खाली घातली नाही. नेहाबाईंनी कडी लावून पाहिली, लिहून घेतलं, आणि मग सलोनीशी आणि अंबुबाईशी स्वतंत्रपणे तासभर बोलल्या.

अर्ज केल्यापासून नऊ महिन्यांनी पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात शेवटची मोठी तारीख पडली. सकाळी व्हरांड्यात पाहतो तर बाकाच्या टोकाला पांढरी टोपी घालून सोपानराव बसलेले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"तुम्ही कशाला आलात?" शेखरनं विचारलं.

"घरचं कुणी उबं हाय का म्हणून इचारलं तर?" ते म्हणाले, आणि दुसरीकडे बघू लागले. दिवसभर त्यांना कुणीच काही विचारलं नाही. दुपारी सलोनीनं डब्यातली पोळी-भाजी त्यांच्यापुढे धरली. आधी नको म्हणाले, मग खाल्ली.

न्यायाधीश मॅडमनी सलोनीला आपल्या खोलीत नेलं. दार लोटलं. शेखर, जयसिंग, दोन्ही वकील बाहेर. पाऊण तास झाला. जयसिंग भिंतीला टेकून उभा होता, ट्रकवरच्याच कपड्यांत. आपण आत्तापर्यंत कशाकशाला घाबरलो होतो ते शेखरला त्या पाऊण तासात कळलं. ती आत काय बोलतेय याची त्याला भीती नव्हती. तिला एकटीला बोलावं लागतंय, ते त्याला सोसत नव्हतं.

नंतर सगळ्यांना आत बोलावलं. न्यायाधीश मॅडमनी जयसिंगला साधा प्रश्न विचारला. "मुलगी कितवीत आहे?"

जयसिंगनं वकिलाकडे पाहिलं. "पाचवीत."

"सातवीत आहे. गेल्या वर्षी तिचा हात मोडला होता. कुठला?"

जयसिंग सलोनीच्या दोन्ही हातांकडे बघत राहिला, जणू बघून ओळखता येईल. मग वकिलाच्या कानाशी काही न बोलता तो सरळ मॅडमना म्हणाला, "मला ठाऊक न्हाई. तिनं काय सांगितलं मघाशी?"

"तिनं सांगितलं की तिला कुणी कुणाला द्यायचं नाही. ती जिथे आहे तिथेच तिला राहायचंय, आणि तिथे कुणालातरी तिच्यासाठी बोलायचा हक्क हवाय."

जयसिंगनं मान खाली घातली. "मग र्‍हाऊ द्या," तो म्हणाला. "माझी हरकत न्हाई." त्याचा वकील काही बोलायला गेला, तर त्यानं हातानंच थांबवलं.

हुकूम दोन आठवड्यांनी आला. शेखर सोपानराव येळवंडे यांस अज्ञान सलोनी हिचे पालक नेमण्यात येत आहे. दरवर्षी तिच्या प्रगतीचा अहवाल द्यावा. तिची इच्छा असेल तर वडिलांना भेटता येईल. अरुंधतीबाईंनी प्रत हातात देताना सांगितलं, "ती पंधराची होईपर्यंत दत्तकाची वाट खुली आहे, हे ध्यानात असू द्या."

"तो विषय मी काढणार नाही," शेखर म्हणाला. "तिनं काढला तर बघू."

जयसिंगही त्या दिवशी न्यायालयात आला होता. सगळे निघाल्यावर तो जिन्यापाशी थांबला आणि सलोनीकडे न बघता शेखरला म्हणाला, "चाकणला खेप असली की कधी भेटायला येऊ का?"

शेखर बाजूला झाला. प्रश्न जिला विचारायचा होता तिच्यापर्यंत जायला वाट करून दिली.

सलोनीनं थोडा विचार केला. "आधी फोन करा," ती म्हणाली. "शाळा पाचला सुटते. आणि आजीसमोर भेटायचं."

"करतो," जयसिंग म्हणाला. त्यानं नंबर लिहून घेतला, दोनदा वाचून दाखवला आणि गर्दीत मिसळून गेला.

संध्याकाळी निघोज्याहून फोन आला. सोपानरावांनी निकालाचं एका शब्दानंही विचारलं नाही.

"चैतात गावची जत्रा हाय," ते म्हणाले. "पोरीला घिऊन ये. कुस्त्या हायत्या, पाळणे हायत."

"अंबुबाईंनाही आणणार," शेखर म्हणाला. "त्या आमच्यातच राहतात आता."

"व्हय, ठावं हाय." सोपानराव खाकरले. "यिऊ दे की. मुक्कामालाच या म्हणावं."

शेखरनं आतल्या खोलीकडे पाहिलं. सलोनी गणिताची वही पसरून बसली होती आणि अंबुबाई तिच्या केसांना तेल लावत होती. "सलोनी," त्यानं हाक मारली, "निघोज्याला जत्रेला यायचंय का?"

"किती दिवस?" तिनं मान न वळवता विचारलं.

"तू सांग."

"दोन," ती म्हणाली. "सोमवारी चाचणी आहे माझी."

"दोन दिवस येतो, दादा," शेखरनं फोनवर सांगितलं.